हायब्रिड मोटारींचे प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज (खानदेशातील रस्ते व हवामान)

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणारी गाडी रोजच्या वापरात लिटरमागे जेवढे किलोमीटर धावते, ते तिचे प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज. कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा ते कमीच भरते. किती कमी, हे गाडीपेक्षा रस्ता, वेग आणि उन्हाळा यांवर जास्त ठरते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत या तिन्ही गोष्टी टोकाच्या आहेत.

मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ नुसत्या मोटरवरही धावू शकणाऱ्या) प्रकाराचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किमी, तर इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४ किमी आहे. हा आकडा ठरवणारी चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगक्रमाने ११८० सेकंद चालवतात. त्यात कमाल वेग ताशी ९० किमी असतो आणि एसी बंद असतो. वारंवार थांबणे आणि सावकाश वेग घेणे हायब्रिडच्या पथ्यावर पडते, त्यामुळे आकडा फुगतो. प्रत्यक्षात हायरायडरच्या आकाराच्या गाड्या साधारण १८ ते २४ च्या दरम्यान अ‍ॅव्हरेज देतात.

बचत मुख्यतः तीन ठिकाणी होते. कमी जोर लागत असताना पेट्रोल इंजिन फार इंधन वाया घालवते, तेव्हा ते बंद राहते आणि मोटर गाडी ओढते. ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनून बॅटरी भरते. शिवाय या गाड्यांत अ‍ॅटकिन्सन पद्धतीचे, ताकद थोडी कमी पण काटकसरी इंजिन असते. वेग एकसारखा आणि जास्त राहिला की पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ संपतात. म्हणून सुरत–धुळे–जळगाव–भुसावळ हा चौपदरी महामार्ग हायब्रिडला फारसा लाभत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की तो ५६ टक्क्यांनी जास्त होतो.

याउलट तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असा जाणारा जुना अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता हायब्रिडसाठी उत्तम. दर थोड्या अंतरावर गाव, गतिरोधक, केळीचे ट्रक, ५०-६० चा वेग. इथे इंजिन पुन्हापुन्हा आपोआप बंद होते आणि प्रत्येक गतिरोधकाआधी बॅटरीत थोडी भर पडते. मात्र ब्रेक लांबून, हलक्या पायाने लावला पाहिजे. गतिरोधकाजवळ येऊन जोरात दाबला तर काम ब्रेक पॅड करतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते.

घाटाचा हिशेब बरेच जण चुकीचा धरतात. ग्रँड विटाराची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची, म्हणजे पाऊण युनिटाची आहे. ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही. वापरात येते ते साधारण ०.३ युनिट. माणसांसह १५५० किलोची गाडी कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना ३०० मीटर खाली येते असे धरले, तर सव्वा युनिट ऊर्जा सुटते. टायर आणि हवा त्यातली बरीच खातात, तरी उरलेली बॅटरीत मावत नाही. घाट अर्धा उतरेपर्यंत बॅटरी भरते आणि पुढे गाडी पेट्रोल न जाळता इंजिन फिरवून वेग धरते. तो वाढलेला आवाज म्हणजे बिघाड नव्हे. उतारावर ‘बी’ मोड (गिअर दांड्याची उतारावर वेग जास्त आवरणारी स्थिती) जरूर वापरावा. सपाट रस्त्यावर त्याचा काही फायदा नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. स्ट्राँग हायब्रिडचा एसी विजेवर चालतो. उन्हात तापलेली गाडी थंड करताना तो दीड-दोन किलोवॅट ओढतो, म्हणजे उभ्या गाडीत दहा-बारा मिनिटांत बॅटरी खाली येते आणि ती भरायला इंजिन सुरू होते. त्यामुळे एसी लावून बसून राहणे हे उन्हाळी अ‍ॅव्हरेज पडण्याचे मोठे कारण आहे. बॅटरी तापली की गाडी तिच्यात जाणारी-येणारी वीजही आवरती घेते. काही मॉडेलांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तिथे पिशव्या ठेवू नयेत. कपाशीच्या हंगामातला तंतू आणि धूळ जाळीत अडकते, ती सर्व्हिसिंगची वाट न पाहता साफ करावी.

मीटरवर दिसणारे अ‍ॅव्हरेज बहुधा थोडे चढे असते. खरे मोजायचे तर एकाच पंपावर, नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी, ट्रिप शून्य करावा आणि पुढच्या वेळीही तसेच भरावे. ६१२ किमीला २९.४ लिटर लागले तर अ‍ॅव्हरेज २०.८. एका टाकीवर विसंबू नये, किमान तीन टाक्यांचे एकूण किलोमीटर एकूण लिटरने भागावेत. वेगवेगळ्या अ‍ॅव्हरेजची सरासरी काढणे चूक आहे: निम्मे अंतर २४ ने आणि निम्मे १६ ने कापले तर उत्तर २० नव्हे, १९.२ येते. जुन्या नोंदींशी तुलना करताना पेट्रोलही पाहावे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी असते.

‘स्मार्ट हायब्रिड’ नावाच्या १२ व्होल्टच्या गाड्या या हिशेबात धरू नयेत. त्यांची छोटी मोटर वेग घेताना फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही.

टायरमधली हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील आकड्याप्रमाणे पाहावी. ऑइल पुस्तिकेत दिलेलेच, बहुधा ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० या पातळ दर्जाचे, घालावे. ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून दाट २०डब्ल्यू-५० घातले, तर सतत बंद-सुरू होणाऱ्या इंजिनाला ते जड पडते आणि अ‍ॅव्हरेज उतरते.