कण्हेर खाऊन जगणारी अळी

पावसाळा लागला की ओळखीच्यांकडून एक फोटो हमखास येतो. तगरीच्या फांदीवर बोटभर लांबीची जाडजूड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळे, शेपटीला शिंग. खाली प्रश्न : "ही चावली तर माणूस दगावतो म्हणतात, खरं का?"

साफ खोटं. ते डोळे नुसते ठिपके आहेत. धोका वाटला की अळी डोकं आत ओढते, पाठ फुगवते, आणि ठिपके वटारलेल्या डोळ्यांसारखे दिसतात. शिंगात ना विष, ना डंख. अंगावर केसही नाहीत, म्हणजे खाजेचीही भीती नको. अशा अफवांपायी किती अळ्या चपलेखाली जातात, याचा मला मनापासून राग येतो.

ही डॅफ्निस नेरियाय या हॉक मॉथची अळी. नेरियम म्हणजे कण्हेर. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८मध्ये हा पतंग नोंदवला तो त्याच नावावरून. आपल्याकडे ती कण्हेरीच्याच कुळातल्या तगरीवर जास्त सापडते. पण खरी कमाल कण्हेरीवर दिसते, कारण त्या पानांत कार्डिनोलाइड नावाची विषं असतात.

प्राण्यांच्या पेशींत एक पंप अखंड चालू असतो. दर फेरीला तो सोडियमचे ३ आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. त्याच्याविना मज्जातंतूंतून संदेश जात नाही. कार्डिनोलाइड या पंपात बाहेरच्या बाजूने अडकतं आणि तो बंद पाडतं. अशाच विषारी झाडांवर वाढणाऱ्या मोनार्क फुलपाखराने यावर सरळ उपाय केला : पंपाची घडणच अशी बदलली, की विषाला तिथे नीट बसता येत नाही. या अळीचंही तसंच असेल, असं कुणालाही वाटेल. पण पेचेंका आणि डोब्लर या संशोधकांनी २००९मध्ये दाखवलं, की हिचा पंप कार्डिनोलाइडला अतिशय संवेदनशील आहे!

मग ती जगते कशी? पंप तोच, पण त्याच्यापर्यंत विष पोचूच दिलं जात नाही. अळीच्या मज्जारज्जूभोवती पेशींचं घट्ट आवरण असतं, पेरिन्यूरियम. पाण्यात विरघळणारी कार्डिनोलाइडं या भिंतीशीच थांबतात. स्निग्ध पदार्थांत विरघळणारी मात्र पेशींच्या पटलातून झिरपू शकतात. त्यांना पी-ग्लायकोप्रोटीनसारखी वाहक प्रथिनं ऊर्जा खर्चून पुन्हा बाहेर ढकलतात. आपल्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांत याच जातीची प्रथिनं पहारा देतात, आणि कर्करोगाच्या पेशी औषध बाहेर फेकतात तेव्हाही बऱ्याचदा हीच वापरतात.

आफ्रिका आणि दक्षिण आशिया हे या पतंगाचं घर. उन्हाळ्यात तो उडत युरोपात जातो, पण तिथली थंडी त्याला सोसत नाही. हवाई बेटांवर तो १९७४मध्ये प्रथम दिसला.

पूर्ण वाढलेली अळी तपकिरी पडते, झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात कोष करते. त्यातून हिरव्या-गुलाबी नक्षीचा, पंख पसरल्यावर ९ ते ११ सेंटिमीटर भरणारा पतंग निघतो. तगरीखालचा पाला तेवढे दिवस झाडू नका.