नदीला पूररेषा, ओढ्याला काय?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात घराघरांत शिरलेलं पाणी मुठा नदीचं नव्हतं, ओढ्यांचं होतं. त्यात सगळ्यात जास्त बदनाम झाला आंबील ओढा. कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वती, दांडेकर पूल असं करत तो मुठेला मिळतो. एरवी नाक दाबून ओलांडायचा नाला. त्या रात्री त्याने अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पाडली, माणसं गेली. सकाळी पाहावं तर गाड्या एकमेकींवर चढलेल्या. खडकवासल्याचा विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ओढा किती चढला की कुणी घर सोडायचं, याचा मात्र काही हिशेबच नव्हता.

ओढ्याची आजची वाट ही त्याची मूळ वाट नव्हेच. पूर्वी तो आजच्या पेठांमधून वाहत शनिवारवाड्याच्या बाजूला नदीला मिळत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीखाली बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवलं. बांधाआड तळं झालं, तळ्यात गणपती बसला. तळं जाऊन सारसबाग झाली तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी तो अजून ‘तळ्यातला गणपती’च आहे. याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. नळातली हवा निघून जावी म्हणून वाटेत बांधलेले उच्छ्वास काही ठिकाणी अजून उभे आहेत. तेव्हा ओढ्याचं पाणी घरात हवं होतं आणि पूर गावाबाहेर. दोन्ही जमवायचं तर त्याची चाल माहीत असावी लागते, ती त्या कारागिरांना होती.

मग १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं. पुण्याच्या डोक्यात ‘पूर म्हणजे नदी आणि धरण’ हे समीकरण बसलं ते त्या दिवसापासून, आणि ते स्वाभाविकही होतं. विस्थापितांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यातलं सहकारनगर आंबील ओढ्याच्या पाणलोटात येतं, म्हणजे तिथलं पावसाचं पाणी याच ओढ्यात उतरतं. नदीपासून लांब म्हणजे पाण्यापासून लांब, असाच तेव्हाचा समज असणार.

नकाशावर रेषा आल्या त्याही नदीच्याच. पूरक्षेत्रांच्या वापरावर बंधन घालणारा नमुना कायदा केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये राज्यांकडे पाठवला. बहुतेक राज्यांनी तो बासनात ठेवला. महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये परिपत्रक काढलं. ढोबळमानाने, २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये अटींसह. नदीसाठी हे जमतं, कारण वर धरण असतं, विसर्गाच्या नोंदी असतात. ओढ्याला कसल्या नोंदी? उलट बांधकाम नियमावलीत ओढ्याला भिंती घालून ‘प्रवाह नियंत्रित’ करायची सोय होती. त्या दोन शब्दांनी किती ओढे गिळले, याची मोजदाद कुणी करायला हवी.

मुंबईला नाल्यांकडे वळायला दोन तडाखे लागले. १९८५ च्या पुरानंतर पावसाळी गटारांचा आराखडा हाती घेतला, तो १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाने आला. जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसापुरती होती, ती ५० ची करायची. अहवाल फायलीत पडून राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी होती याचा मुंबईला नव्याने शोध लागला, आणि त्या पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीच्या कामातून पाणलोट, चढउतार, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) हे शब्द महापालिकेच्या बैठकांत ऐकू येऊ लागले.

नाल्याचा नकाशा काढणं नदीपेक्षा अवघड का, याचा साधा हिशेब मांडता येतो. एक चौरस किलोमीटर माळ घ्या, ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरा. त्यातलं तीस टक्के पाणी वाहून गेलं तर ओढ्यात सेकंदाला साधारण ४ घनमीटर येतं. त्याच माळावर काँक्रीट, डांबर, पेव्हर ब्लॉक आले आणि ऐंशी टक्के वाहू लागलं की तेच ११ घनमीटर होतं. ओढा तोच, रस्त्याखालून पाणी जायची मोरी तीच. शिवाय मोरीच्या तोंडाशी एक गादी आणि थोडा राडारोडा अडकला की मागचं पाणी चढत जातं. हे कुठल्या उपग्रहाला दिसत नाही. फुकट मिळणाऱ्या उपग्रहीय उंचीच्या नकाशाचा एक चौकोन असतो ३० मीटरचा, अख्खा ओढा, काठची भिंत आणि शेजारची इमारत त्या एका चौकोनात मावते. म्हणून दर पन्नास-शंभर मीटरवर कुणीतरी स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी काठी, घेऊन चिखलात उतरून ओढ्याचा छेद मोजावा लागतो, प्रत्येक पुलाखालची उंची टेपने घ्यावी लागते. कंटाळवाणं काम, पण त्यावाचून संगणकातलं पुराचं प्रारूप (मॉडेल) म्हणजे नुसती रंगीत चित्रं.

जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठची घरं पाडायला यंत्रं आली. ओढा सरळ करायचा आहे, असं पालिकेचं म्हणणं. पात्र नक्की कुठलं, नकाशातलं की जमिनीवरचं, यावर रहिवासी अडून बसले. कोर्टाने कारवाईला स्थगिती दिली ती त्याच दिवशी, पण तोवर बरीच घरं पडली होती.