लिस्बनमधील शनिवार-रविवारची पायी सहल : प्रवाशांसाठी माहितीपत्रक

लिस्बनच्या पायी सहलीसाठी आपण आमच्याकडे नाव नोंदवले आहे, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. या दोन दिवसांत आम्ही मोजकीच ठिकाणे घेतली आहेत आणि ती एका विशिष्ट क्रमाने लावली आहेत. या क्रमामागचे कारण निघण्यापूर्वी ठाऊक असेल, तर पाहण्याचा आनंद पुष्कळ वाढतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेले असताना लिस्बनला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. पाठोपाठ तेजो नदीच्या मुखातून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि सणानिमित्त लावलेल्या मेणबत्त्या व घरोघरच्या चुली यांतून भडकलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. जुन्या लिस्बनमध्ये या आपत्तीच्या तीन वेगवेगळ्या खुणा आहेत. अल्फामा ही टेकडीवरची वस्ती बऱ्याच अंशी वाचली, नदीकाठचा बैशा हा भाग पूर्णपणे नव्याने वसवला गेला, आणि कार्मोच्या चर्चची पुनर्बांधणी अर्ध्यावरच थांबली. शनिवारी आपण याच क्रमाने चालणार आहोत.

सुरुवात सांता क्लारा मैदानावरील जुन्या वस्तूंच्या बाजारापासून होते. हा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. सकाळी लवकर पोहोचल्यास जुन्या फरशा, पितळी सामान, पोस्टकार्डे निवांतपणे पाहता येतात. तेथून खाली उतरताना अल्फामाच्या गल्ल्या लागतात. त्या इतक्या अरुंद आणि वळणदार आहेत की नकाशाचा फारसा उपयोग होत नाही. येथे आम्ही मुद्दाम घाई करत नाही. उताराने खाली गेले की कुठल्याही गल्लीतून नदीकडेच पोहोचता येते, त्यामुळे कोणी मागे राहिले तरी काळजीचे कारण नसते.

सांता लुझियाच्या सज्जावर मात्र सर्वांनी एकत्र यावे, अशी विनंती आहे. बहुतेक पर्यटक येथे नदीचे छायाचित्र काढतात आणि निघून जातात. आपण मागे वळून चर्चच्या बाहेरील भिंतीवरचे निळ्या-पांढऱ्या फरशांचे चित्र पाहावे. त्यात भूकंपापूर्वीचा नदीकाठचा मुख्य चौक दाखवला आहे. या चौकाच्या कडेला राजवाडा होता आणि गोव्याहून येणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणारे ‘कासा दा इंदिया’ हे कार्यालयही तेथेच होते. दोन्ही वास्तू १७५५ मध्ये नष्ट झाल्या आणि त्या कार्यालयाचे दप्तरही गेले. हे चित्र नीट पाहून, वाटेत बाराव्या शतकातील कॅथेड्रल पाहत, आपण त्याच चौकात जाऊन उभे राहणार आहोत.

या चौकापासून सुरू होणारा बैशा हा भाग मार्केझ द पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली उभा राहिला. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एकसारख्या उंचीच्या इमारती आणि साध्या दर्शनी भिंती पाहून काहींना हा भाग नीरस वाटतो. आमचे मत अगदी वेगळे आहे. या भिंतींच्या आत लाकडी तिरप्या पट्ट्यांचा सांगाडा आहे आणि धक्का बसल्यास इमारत कोसळू नये यासाठीच तो बसवलेला आहे. त्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून चाचणी घेतली होती, असे सांगितले जाते. भूकंपाचा विचार करून इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेल्या बांधकामाचे युरोपातील हे अगदी आरंभीचे उदाहरण आहे. सोनार, चांभार, कापडवाले अशा व्यवसायांची नावे येथील रस्त्यांना दिली गेली, ती पाट्यांवर आजही दिसतात.

संध्याकाळी चढ चढून आपण कार्मोला पोहोचतो. चर्चच्या मुख्य दालनाला छप्पर नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून आकाश दिसते. बाहेरच्या लहानशा चौकाचे महत्त्व मराठी आणि गोमंतकीय प्रवाशांना विशेष वाटेल. २५ एप्रिल १९७४ रोजी येथील लष्करी ठाण्यात पंतप्रधान मार्सेलो कायतानो यांनी शरणागती पत्करली आणि पोर्तुगालमधील हुकूमशाही संपली. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, परंतु पोर्तुगालने भारताचे तेथील सार्वभौमत्व मान्य केले ते या सत्तांतरानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.

रविवारी आपण ट्रामने बेलेमला जातो, कारण हे अंतर सुमारे सहा किलोमीटर आहे. जेरोनिमोस मठाचे बांधकाम १५०१ मध्ये सुरू झाले. त्याच्या खांबांवर दोरखंड, समुद्री वनस्पती आणि नौकानयनाची चिन्हे कोरलेली आहेत. चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. त्याचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीला झाला होता. प्रार्थना चालू असताना पर्यटकांना आत फिरता येत नाही, त्यामुळे त्या वेळेत आपण नदीकाठी बेलेम मनोऱ्यापर्यंत चालत जातो. मठाजवळच १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात मिळणाऱ्या गोड टार्टमध्ये अंड्याचा बलक असतो, हे अंडे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

जेवणाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. उपाहारगृहात न मागता टेबलावर ठेवलेले पाव, ऑलिव्ह आणि चीज खाल्ल्यास त्यांचे पैसे द्यावे लागतात. नको असल्यास ते परत नेण्यास निःसंकोच सांगावे. ‘काल्दो वेर्द’ हे पालेभाजीचे सूप दिसायला शाकाहारी असले, तरी त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात.

लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या आणि बेसॉल्टच्या काळ्या दगडांनी जडवलेले आहेत. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने ते गुळगुळीत झाले आहेत आणि पावसात फार निसरडे होतात. त्यामुळे रबरी तळव्याचे, आधीपासून वापरात असलेले बूट आणावेत. गुडघेदुखी असल्यास तसे आम्हांला आधी कळवावे, म्हणजे कार्मोच्या चढासाठी टॅक्सीची व्यवस्था करता येईल.