गोल्फचा फटका आणि चेंडूची साक्ष

गोल्फमध्ये क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, आणि चेंडू यांचा स्पर्श टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. तेवढ्या वेळात क्लबचं डोकं दोन सेंटीमीटरसुद्धा पुढे जात नाही, आणि गवतावर स्वस्थ बसलेला चेंडू मात्र ताशी २०० किलोमीटरच्या वर वेग घेऊन निघालेला असतो. हाताला बसलेल्या धक्क्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला साधारण २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे फटका बसल्याचं आपल्याला जाणवतं तेव्हा चेंडू मीटरभर पुढे गेलेला असतो. क्लब वरून खाली यायलाच सुमारे पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी काही चुकतंय असं पाहून, मनाशी ठरवून, हातांनी ते दुरुस्त करायला जवळजवळ तेवढाच वेळ हवा. थोडक्यात, खाली येणारा क्लब वाटेत सुधारता येत नाही. आणि फटका झाल्यावर ‘मला असं वाटलं’ म्हणून आपण जे सांगतो ते बरंचसं मेंदूने मागाहून जुळवलेलं असतं.

हौशी खेळाडूची खरी अडचण इथे आहे. त्याला मिळणारे सगळे सल्ले शरीराबद्दल असतात: कोपर आत ठेवा, खांदे वळवा, डावा हात सरळ ठेवा, डोकं हलवू नका. चेंडूला यातलं काहीच ठाऊक नसतं. क्लबचा वेग किती होता, तो कोणत्या दिशेने आणि वरून येत होता की खालून, फेस, म्हणजे क्लबच्या डोक्याची चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे पाहत होता आणि चेंडू फेसवर नेमका कुठे लागला, एवढंच त्याला कळतं. यातली प्रत्येक गोष्ट तो उडताना उघड सांगून जातो. म्हणून स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, सुधारायचा तर आधी चेंडूची साक्ष वाचायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

वडोदऱ्यात गोल्फ तसा जुना. १८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३०च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान तयार करून घेतलं. १९९०च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी, जे स्वतः रणजी करंडकात खेळलेले, त्याचं नूतनीकरण करून ते लोकांसाठी खुलं केलं. पण गाव क्रिकेटपटू विजय हजारे आणि दत्ताजीराव गायकवाडांचं. इथे गोल्फकडे वळणारा मराठी माणूस बहुतेक वेळा आधी बॅट धरलेला असतो. दांडिया बाजारातले आमचे एक स्नेही असेच. कॉलेजात क्रिकेट, मग नोकरी, आणि पन्नाशीनंतर गोल्फ. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब पल्ल्याचा क्लब, मारला की चेंडू उजवीकडे वळून झाडीत जातो, आणि आयर्न, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याचा क्लब, घेतलं की क्लब चेंडूच्या आधी जमिनीत शिरतो. इथल्या बहुसंख्य नवख्यांची हीच दोन दुखणी आहेत.

आधी उजवीकडे वळणारा स्लाइस घेऊ. (सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे.)

बॅटचं वजन मुठीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं. सरळ ड्राइव्ह मारताना पूर्ण फळी दाखवून ती तशीच पुढे नेली की काम झालं. गोल्फच्या क्लबची रचना वेगळी आहे. त्याचं डोकं दांड्याच्या एका बाजूला बाहेर आलेलं असतं, गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेवर नसतो. त्यामुळे मागे नेताना फेस आपोआप उघडतो आणि खाली येताना हातांच्या फिरण्याने तो परत बंद व्हावा लागतो. क्रिकेट खेळलेले हात नेमकं हे फिरणं रोखून धरतात, कारण फळी फिरली की झेल उडतो हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकलेलं असतं. फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे पळतो.

मग माणूस उपाय काय करतो? चेंडू उजवीकडे जातोय म्हणून तो डावीकडे मारायला लागतो. क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने चेंडू निघतो आणि फेसमुळे वळतो, असं पूर्वी सर्रास शिकवलंही जायचं. रडारने चेंडू आणि क्लब दोन्ही मोजता यायला लागल्यावर चित्र उलट निघालं. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो: ड्रायव्हरच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के, आयर्नच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के. तो हवेत वळणार किती, हे ठरतं फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकावरून.

एक उदाहरण मांडून बघा. क्लबचा मार्ग लक्ष्याच्या ८ अंश डावीकडे आहे आणि फेस २ अंश डावीकडे. चेंडू सुमारे ३ अंश डावीकडे निघेल आणि ६ अंशांच्या फरकामुळे उजवीकडे वळेल. आता वैतागून मार्ग आणखी डावीकडे, १० अंशांवर नेला आणि फेस तसाच राहिला, तर चेंडूची सुरुवातीची दिशा जेमतेम बदलते. फरक मात्र ६ वरून ८ अंशांवर जातो आणि चेंडू तिसऱ्या हिश्श्याने अधिक वळतो. म्हणजे जितका उपाय, तितका रोग वाढतो. अंगात रग आहे, मेहनतीची तयारी आहे, तरी वर्षं उलटली आणि स्लाइस जात नाही, याचं कारण या एका हिशेबात सापडतं. ते समजल्यावर मला फार हळहळ वाटली होती, कारण कितीतरी लोक ‘आपल्याला हा खेळ जमणार नाही’ म्हणून याच टप्प्यावर क्लब माळ्यावर टाकतात.

चेंडू हवेत वळतोच का, यामागे एक सुंदर शोधकथा आहे. एडिनबरो विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणाचा पिच्छा पुरवला. त्यांचा मुलगा फ्रेडी उत्कृष्ट खेळाडू होता. १८९६ आणि १८९८ अशी दोनदा त्याने ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. नुसता फेकलेला चेंडू जितका दूर जायला हवा त्याहून खूप लांब, खूप वेळ गोल्फचा चेंडू हवेत राहतो, हे टेट यांना खटकलं. त्यांनी चेंडूला एक लांब, पीळ नसलेली फीत बांधली, तो मारायला लावला आणि नंतर फितीला किती पीळ पडले ते मोजले. चेंडू उलटा फिरत जातो हे त्यातून सिद्ध झालं. उलट्या फिरकीमुळे चेंडूवरून जाणारी हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम तो हाच. फेस आणि मार्ग जुळले तर फिरकीचा अक्ष आडवा, जमिनीला समांतर राहतो. जुळले नाहीत तर तो अक्ष एका बाजूला कलतो, उचलणारं बलही कलतं आणि चेंडूला बाजूला ओढतं. उलटी फिरकी आणि आडवी फिरकी अशा दोन वेगळ्या गोष्टी चेंडूत नसतात. फिरकी एकच, अक्ष कललेला.

आता फटका किती दूर जातो ते पाहू. ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅम, चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. टक्कर किती ‘उसळती’ असावी, म्हणजे दोघं जवळ येण्याच्या वेगाच्या किती पट वेगाने दूर जावेत, यालाही नियमाची मर्यादा आहे, ०.८३. संवेगाचं साधं गणित केलं तर चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या सुमारे १.४९ पटीपर्यंत जाऊ शकतो, त्याहून फारसा नाही. ताशी १४५ किलोमीटरने क्लब फिरवणाऱ्या हौशी खेळाडूचा चेंडू फेसच्या मध्यावर लागला तर ताशी २१५ किलोमीटरने निघतो. कडेकडे लागला आणि हे प्रमाण १.३८ वर आलं, तर २०० किलोमीटरने. तोटा सुमारे १५ मीटरचा. तेवढाच वेग नुसत्या जोरावर भरून काढायचा तर क्लब ताशी १० किलोमीटरने अधिक फिरवावा लागेल, आणि पन्नाशीच्या माणसाला ते सोपं नाही. मध्यावर मारणं कोणालाही शिकता येतं.

त्यासाठी यंत्र लागत नाही. चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने रुपयाएवढा ठिपका काढा आणि तो ओला असतानाच चेंडू मारा. फेसवर ठसा उमटतो. आमच्या स्नेह्यांना फटके ‘मस्त मध्यात बसताहेत’ असं वाटत होतं. ठसे पाहिले तर एकामागून एक टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, जवळजवळ एकाच जागी. चूक सातत्याची होती, म्हणजे सुधारण्यासारखी होती. ते चेंडूपासून बोटभर लांब उभे राहिले आणि ठसे मध्याकडे सरकले. स्विंगला हात लावावाच लागला नाही.

वेग येतो कुठून, हेही थोडं समजून घ्यायला हवं. हात आणि क्लब मिळून दोन सांध्यांचा लंबक होतो: एक सांधा खांद्याशी, दुसरा मनगटाशी. खाली येताना मनगटाचा कोन सुरुवातीला टिकून राहतो आणि मग क्लब बाहेर फेकला जातो. क्लब बाहेर जाताना हातांचा वेग कमी होतो आणि ती ऊर्जा क्लबच्या डोक्यात जाते, गोफणीतल्या दगडाला मिळते तशी. फटक्याच्या वेळी क्लब हातांना वीस-बावीस किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढत असतो. मनगटं आवळून धरली की ही फेक अडते. जोर लावला असं वाटतं, पण क्लब सावकाश येतो.

आयर्नचं दुखणं वेगळं. चेंडू आणि जमीन यांत आधी चेंडू लागायला हवा. क्लब एका कमानीत फिरतो आणि त्या कमानीचा तळ चेंडूच्या थोडा पुढे, लक्ष्याच्या बाजूला असावा लागतो. चांगल्या खेळाडूंचा तो काही इंच पुढे असतो. त्यामुळे त्यांनी उपटलेली गवताची चकती, म्हणजे डिव्हॉट, चेंडूच्या जागेपासून पुढे सुरू होते. नवख्याला वाटतं चेंडू आपण उचलायला हवा. तो उचलायला म्हणून वजन उजव्या पायावर ठेवतो, तळ मागे सरकतो आणि क्लब चेंडूआधी माती खणतो. तळ मागेच आणि क्लब जरा वर असेल तर तो चढत्या वाटेवर चेंडूच्या डोक्याला लागतो आणि चेंडू घरंगळत जातो. मग कॅडी, म्हणजे क्लबची पिशवी वाहणारा मदतनीस, म्हणतो, ‘साहेब, माथुं ऊंचुं थई गयुं’. डोकं वर आलं हे खरं असेलही, पण बहुतेक वेळा ते मागे रेललेल्या शरीराबरोबर आलेलं असतं. डोकं दाबून ठेवल्याने तळ पुढे येत नाही. चेंडू उचलायचं काम क्लबच्या उतरत्या फेसचं आहे, सात नंबरच्या आयर्नमध्ये तो तीस-बत्तीस अंश कललेला असतोच.

याची तपासणीही घरच्या सामानाने होते. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जिथे परवानगी असेल तिथे गवतावर रांगोळीची सरळ रेघ ओढा. रेघ चेंडू समजून, चेंडू न ठेवता, रेघेच्या बाजूबाजूने फटके मारत पुढे सरका. क्लब रेघेच्या कुठल्या बाजूला जमिनीला लागला हे मागे वळून पाहिलं की तळ कुठे आहे ते स्वच्छ दिसतं. रांगोळी पुसली जाऊन मागची माती उडत असेल तर आधी वजन डाव्या पायावर येऊ द्या, बाकी काही बदलू नका.

चेंडूची साक्ष वाचताना हवा आणि जमीन मात्र वजा करावी लागते. गोल्फच्या मैदानावरचं बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. मे महिन्यात तिच्याखालची माती वाळून टणक होते. मागे लागलेला क्लब आत न रुतता उसळतो आणि चेंडूच्या मध्यावर बसतो. फटका खुरटा, पण लांब पळतो, आणि आपला दोष झाकला जातो. पावसाळ्यात तोच फटका चिखलात अडकतो. शिवाय ओल्या गवताचं पाणी फेस आणि चेंडू यांच्यामध्ये येतं, फिरकी कमी होते, आणि चेंडू उतरल्यावर थांबत नाही. हवेचं म्हणाल तर ४२ अंशांच्या दुपारी ती १२ अंशांच्या डिसेंबरमधल्या सकाळपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. चेंडू उन्हाळ्यात काही मीटर जास्त जातो तो त्यामुळे. दमट हवा जड वाटते, पण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलका असल्याने ती किंचित हलकीच असते.

सराव कसा करावा याबद्दल शिकण्याचं शास्त्र काही उपयोगी सांगतं. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली नवख्यांना छोटे पिच फटके शिकवले. काहींना हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना क्लबच्या. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक निघाले, आणि नंतर काही न सांगता घेतलेल्या चाचणीतही तो फरक राहिला. शरीराच्या एकेका भागावर लक्ष रोखलं की आपोआप चालणाऱ्या हालचालीत मन ढवळाढवळ करतं, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. दुसरी गोष्ट १९७९च्या शे आणि मॉर्गन यांच्या प्रयोगापासून पुढे आली. हालचाली एकेक करून घोटणाऱ्यांपेक्षा त्या आलटून पालटून करणारे सरावाच्या वेळी मागे पडतात, पण काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात.

म्हणून रेंजवर बादलीभर चेंडू एकाच ड्रायव्हरने मारून संपवू नयेत. आमच्या स्नेह्यांनी आता क्रम ठरवला आहे: एक ड्रायव्हर, एक सात नंबर, एक वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब), प्रत्येक वेळी वेगळ्या झाडाचा नेम, आणि मारण्याआधी ‘हा कुठे निघेल, कुठे वळेल’ हे मोठ्याने सांगायचं. मग अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक कॅडीच्या वहीत टिपायचा. स्लाइस अजून गेलेला नाही. पण चेंडू आता डावीकडून निघून झाडीत जाण्याऐवजी लक्ष्याच्या रेषेवर निघतो आणि फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, उजव्या कडेला उतरतो. हिशेबाने पाहिलं तर याचा अर्थ फेस लक्ष्याकडे पाहू लागला आहे आणि क्लबचा मार्ग अजून काही अंश डावीकडे आहे. पुढचं काम आहे ते मार्गाचं.