मेंदूत नवी पेशी जगते, पण कोणती?

कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची लक्षणं दिसू लागतात तोवर डोपामाइन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, तयार करणाऱ्या चेतापेशींचा मोठा हिस्सा मरून गेलेला असतो. लेव्होडोपाची गोळी ही तूट भरून काढते आणि सुरुवातीची काही वर्षं ती उत्तम लागू पडते. पण पेशी मरत राहतात. पुढे गोळीचा असर लवकर उतरतो, मध्येच अंग जखडतं, मध्येच हातपाय आपसूक वेडेवाकडे हलू लागतात. घरात असा रुग्ण असला की कधीतरी मनात येतंच: गेलेल्या पेशींच्या जागी नव्या घालता येणार नाहीत का?

घालता येतात, हे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाने दाखवलं. आंदर्स ब्योर्कलुंड आणि उले लिंडवाल यांच्या गटाने १९८७ मध्ये गर्भपातातून मिळालेल्या मेंदूच्या ऊतींचं रुग्णांमध्ये रोपण सुरू केलं. १९८९ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाची लेव्होडोपा पुढे काही वर्षं पूर्ण थांबवता आली. तो फायदा नंतर हळूहळू ओसरला. मात्र शस्त्रक्रियेनंतर २४ वर्षांनी रुग्णाचा मृत्यू झाला, तेव्हा रोपलेल्या पेशी मेंदूत जिवंत होत्या. परक्या पेशींनी माणसाच्या मेंदूत इतकी वर्षं तग धरावा, हे मला आजही थक्क करतं.

यात एक खुबी आहे. पेशी मरतात मेंदूच्या बुडाशी, सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात. नव्या पेशी मात्र तिथे घालत नाहीत. तिथून निघालेले तंतू प्युटामेन या दूरच्या भागात पोचून डोपामाइन सोडतात, आणि प्रौढ मेंदूत नव्या तंतूंना इतकं अंतर कापणं फार अवघड जातं. म्हणून पेशी थेट प्युटामेनमध्येच सोडतात.

मग हा उपचार रूढ का झाला नाही? २००१ मध्ये अमेरिकेतल्या ४० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्या रुग्णांच्या कवटीला फक्त छिद्रं पाडली होती, पेशी घातल्या नव्हत्या. कोणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. फायदा दिसला तो मुख्यतः ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांना. शिवाय रोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांचं अंग औषध बंद असतानाही अनावर हलू लागलं. एका रुग्णासाठी अनेक गर्भांतल्या ऊती लागायच्या, आणि त्यात डोपामाइनच्या पेशी थोड्या, इतर जातींच्याच जास्त. नेमकं काय घातलं जातंय, यावर ताबा नव्हता.

हा ताबा मूलपेशींमुळे, म्हणजे ज्यांतून वेगवेगळ्या जातींच्या पेशी घडू शकतात अशा कच्च्या पेशींमुळे आला. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी मागे नेऊन पुन्हा मूलपेशींसारख्या केल्या. त्यांना प्रयोगशाळेत ठरावीक रसायनं ठरावीक दिवशी देत डोपामाइनच्या वाटेवर आणता येतं. कच्ची मूलपेशी मेंदूत घातली तर गाठीचा धोका, पुरती पक्व चेतापेशी घातली तर ती शस्त्रक्रियेतच मरते. म्हणून अर्ध्या वाटेवरची पेशी निवडायची, हीच सगळी कारागिरी.

जपानमधल्या क्योतो विद्यापीठात जुन ताकाहाशी यांच्या गटाने २०१८ मध्ये अशा पेशींचं पहिलं रोपण केलं. एप्रिल २०२५ मध्ये सात रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही. परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली औषधाचा असर नसतानाही सुधारल्या. त्याच वेळी अमेरिका आणि कॅनडातल्या १२ रुग्णांचे निष्कर्षही आले. त्यांच्यासाठीच्या पेशी भ्रूणापासून मिळालेल्या मूलपेशींतून घडवल्या होत्या. तिथेही उपचार निर्धोक दिसला. पण दोन्ही चाचण्यांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि कंपवातात नुसत्या आशेनेही मेंदूतलं डोपामाइन वाढतं. सुधारणेचे आकडे त्यामुळे मी जपूनच वाचतो.

पक्षाघाताच्या रुग्णांना मात्र एका जातीच्या पेशी बदलून भागेल, असं सांगता येत नाही. तिथे एका जातीच्या पेशी मरत नाहीत, मेंदूचा अख्खा तुकडाच जातो.

धोका कसा असतो, तेही नोंदलेलं आहे. इस्रायलमधल्या एका मुलाच्या दुर्धर आजारावर मॉस्कोत गर्भातल्या चेतामूलपेशी टोचल्या गेल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या. तपासणीत त्या दात्यांच्या पेशींपासून वाढल्याचं निघालं. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आपल्याकडे 'स्टेम सेल'च्या जाहिराती कंपवातापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर इलाज सांगतात. हताश कुटुंबं दागिने मोडून पैसे उभे करतात, याचा मला मनापासून संताप येतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मोजके अपवाद सोडले, तर मूलपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कोणी असा उपचार सुचवला तर चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. ती यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. घालणार ती पेशी कुठून आली, कोणत्या टप्प्यावरची आहे, मेंदूत नेमकी कुठे सोडणार, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.