नियम मोडला की एक्सेप्शन: पायथन लिंटरांमधल्या सवयीची पार्श्वभूमी

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या टीमने स्वतःपुरता पायथन लिंटर (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल) लिहायला घेतला, की पहिल्या आवृत्तीत प्रत्येक नियमाच्या शेवटी एक्सेप्शन रेज केलेलं, म्हणजे चालू काम तोडून वर कळवणारा इशारा उठवलेला, हमखास सापडतं. या सवयीचं मूळ पायथनमध्येच आहे.

या भाषेत एक्सेप्शन म्हणजे अपघातच, असं नाही. 2001 मध्ये 2.2 आवृत्तीत इटरेटर (एकेक वस्तू देत जाणारे ऑब्जेक्ट) आले, तेव्हा माल संपल्याची खूणही स्टॉपइटरेशन या एक्सेप्शननेच द्यायची ठरली. त्याच वर्षी, 2.1 मधून, कोडच्या टेस्ट लिहिण्याचं युनिटटेस्ट स्टँडर्ड लायब्ररीत आलं. तिथे असर्ट, म्हणजे ‘हे खरं असलंच पाहिजे’ हा दावा, फसला की असर्शनएरर उठतो, ती टेस्ट संपते आणि टेस्ट चालवणारा रनर पुढची घेतो. असर्शनएरर ‘फेल्युअर’मध्ये मोजला जातो, इतर एक्सेप्शन ‘एरर’मध्ये. लिंटर लिहिणाऱ्यांनी यातलं रेज तेवढं उचललं, ही विभागणी बहुतेक वेळा सोडून दिली.

टेस्टला एक फसलेला असर्ट पुरतो. फाइलचं तसं नाही, तिच्यात चाळीस चुका असू शकतात. ठाणे-पनवेल लोकलमध्ये विनातिकीट प्रवासी सापडला तर टीसी पावती फाडतो, साखळी ओढत नाही. नावाजलेली टूल्स याच वाटेने गेली. 2006 चं पेप8, म्हणजे आजचं पायकोडस्टाइल, नियमाच्या फंक्शनकडून जागा आणि मजकूर परत घेतं. पायफ्लेक्स संदेश यादीत टाकत जातं. फ्लेक8 चे एएसटी (कोडची झाडासारखी रचना) वाचणारे प्लगइन ओळ, कॉलम, संदेश यील्ड करतात, म्हणजे एकेक करून देत जातात. एक्सेप्शन उरलं ते टूलचंच काम अडल्यावर: फाइल पार्स झाली नाही, म्हणजे तिची रचना वाचता आली नाही, की सिंटॅक्सएरर, आणि फ्लेक8 त्याचंही ई999 करून दाखवतं.

रेज केल्याने नेमकं काय बिघडतं ते एएसटीच्या झाडातल्या प्रत्येक नोडला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, भेट देणाऱ्या नोडव्हिजिटरमध्ये दिसतं. फंक्शनच्या नोडवर आतल्या नोडवर उतरवणाऱ्या जेनेरिक_व्हिजिटच्या आधी एक्सेप्शन उठलं, तर आतली फंक्शन्स तपासलीच जात नाहीत. ते अगदी वर, फाइलपाशी पकडलं तर उरलेली फाइलही सुटते. एक चूक दुरुस्त करा, पुन्हा चालवा, पुढची बघा, असं चक्र सुरू होतं. त्याहून वाईट म्हणजे सरसकट ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’, म्हणजे कुठलंही एक्सेप्शन पकडणं: नियमाच्या स्वतःच्या कोडमधला कीएरर त्यातच गिळला जातो आणि न तपासलेली फाइल स्वच्छ म्हणून पुढे जाते. रेजच हवं असेल, तर त्याचा वेगळा क्लास करा, त्यात ओळ आणि कॉलम ठेवा, आणि एक नियम–एक नोड एवढ्याच कॉलभोवती ट्राय (एक्सेप्शन पकडणारा ब्लॉक) घाला. आतल्या नोडवर उतरणं त्या ट्रायच्या बाहेर राहू द्या.

एक्झिट कोडमध्ये, म्हणजे टूल संपताना देतं त्या आकड्यातही, नियमभंग आणि टूलचं अडखळणं हा भेद पाळावा लागतो. रफ (Ruff) या लिंटरमध्ये 1 म्हणजे नियमभंग आणि 2 म्हणजे रफच अडखळलं. पायलिंट या लिंटरमध्ये बिट असतात, त्यांची बेरीज कोड म्हणून येते: 1 फेटल, 2 एरर, 4 वॉर्निंग, 8 रिफॅक्टर, 16 कन्व्हेन्शन, 32 चुकीचा वापर. म्हणजे 20 आला तर वॉर्निंग आणि कन्व्हेन्शन दोन्ही आहेत. कोड आपोआप तपासणाऱ्या सीआय यंत्रणेने नुसतं ‘शून्य नाही’ एवढंच पाहिलं, तर टूल कोसळलं आणि ओळ लांब झाली, दोन्ही एकाच लाल खुणेखाली येतात.