गहू नसतो तेव्हा तांबेरा कुठे असतो?

माघ संपत आलेला असतो, ओंब्यांमध्ये दाणा भरत असतो. अशा वेळी पांढरा पायजमा घालून गव्हाच्या शेतातून चालत गेलं आणि बाहेर येईतो गुडघ्याखाली गेरू फासल्यासारखी तांबूस पूड लागली, तर निदान करायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. तांबेरा आला! काही भागांत याला गेरवा म्हणतात. दोन्ही नावं रंगावरून पडलेली आणि दोन्ही चपखल.

ती पूड म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. एका मिलिमीटरच्या रेषेवर तीस-चाळीस सहज मावतील एवढे बारीक. बीजाणू पानावर किंवा खोडावर पडतो, रात्रीच्या दवात काही तास भिजतो आणि त्यातून एक सूक्ष्म नळी फुटते. ती नळी पृष्ठभागावर सरपटत झाडाची श्वासरंध्रं शोधते आणि तिथून आत शिरते. पुढे दहा-बारा दिवस बाहेरून फारसं काही दिसत नाही. मग साल फाटते, तांबडा फोड उघडतो आणि त्यातून हजारो नवे बीजाणू वाऱ्यावर जातात. प्रत्येक जण पुन्हा तेच करायला मोकळा. फाटलेल्या सालीतून झाडातलं पाणी उडतं, दाण्यासाठी बनलेलं अन्न बुरशी खाते, आणि मळणीच्या वेळी हातात येतो तो सुरकुतलेला, पोचट दाणा.

इथवरची गोष्ट बऱ्याच शेतकऱ्यांना ठाऊक असते. मला सतत खुणावत आलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गव्हाचा तांबेरा जिवंत झाडावरच वाढतो. मेलेल्या काडीवर, शेणखतात किंवा मातीत तो वाढत नाही. आपल्याकडे गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि पुन्हा पेरला जातो तो नोव्हेंबरात. मधले सहा-सात महिने शिवारात गव्हाचं रोप नसतं, वर वैशाखाचं ऊन. तरीही पुढच्या वर्षी तांबेरा हजर! मग या मधल्या काळात तो असतो कुठे?

युरोपात या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं, आणि ते शोधणारा माणूस होता जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश आंटोन द बारी. जन्म १८३१, फ्रँकफुर्टचा. शिक्षण वैद्यकाचं, पण मन रमलं बुरशीत. त्या काळी बहुतेक विद्वान असं मानत की झाड आधी आजारी पडतं आणि त्याच्या सडक्या रसातून बुरशी आपोआप उपजते. द बारींनी १८५३ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, काणी आणि तांबेऱ्यावरचा ग्रंथ लिहून हे उलटं मांडलं: बुरशी हा रोगाचा परिणाम नसून रोगाचं कारण आहे. पुढे १८६१ मध्ये बटाट्याच्या करप्याबाबतही त्यांनी तेच प्रयोगाने दाखवलं. याच करप्याने १८४५ पासून आयर्लंडचं मुख्य अन्न कुजवलं होतं आणि तिथल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली होती. निरोगी पानावर बीजाणू ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वाटचाल पाहत बसायचं, ही द बारींची पद्धत. सांगायला एक वाक्य पुरतं, करायला मात्र विलक्षण चिकाटी लागते.

गव्हाचा तांबेरा तीन प्रकारचा: पिवळा, तपकिरी आणि खोडावर येणारा काळा. यातल्या काळ्या तांबेऱ्याबाबत युरोपातल्या शेतकऱ्यांचं एक जुनं म्हणणं होतं. कुंपणाला बारबेरीची काटेरी झुडपं असली की शेजारच्या पिकाला तांबेरा लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने तर १७५५ मध्ये बारबेरी उपटून टाकण्याचा कायदाच केला. विद्वानांपैकी बऱ्याच जणांना ही गावठी समजूत वाटे, कारण बारबेरीच्या पानावर दिसणारी पिवळी वाट्यांसारखी बुरशी आणि गव्हावरची तांबडी पूड यांच्यात दिसायला काहीच साम्य नव्हतं. गव्हाच्या काडीवर हंगामाच्या शेवटी येणारे काळे फोड आणखी तिसरेच. तिघांना तीन स्वतंत्र नावंही होती.

द बारींनी काय केलं? काळ्या फोडांतले बीजाणू वसंतात रुजवले, त्यांतून निघालेले नाजूक बीजाणू बारबेरीच्या पानावर सोडले. पानावर पिवळ्या वाट्या उगवल्या. त्या वाट्यांतले बीजाणू धान्याच्या रोपांवर टाकले, तर तिथे तांबेरा आला. १८६५ मध्ये सिद्ध झालं की तिन्ही रूपं एकाच बुरशीची आहेत आणि तिचा संसार दोन घरांत वाटलेला आहे: अर्धा गव्हावर, अर्धा बारबेरीवर. शेतकऱ्यांचं म्हणणं खरं होतं. विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार प्रिय आहे, कारण इथे प्रयोगशाळेने बांधावरच्या अनुभवाला मान दिला आणि त्यामागचं कारणही शोधून हाती ठेवलं.

(द बारींचं आणखी एक ऋण आपल्या नाशिकच्या द्राक्षबागांवर आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक जगापुढे आणलं. आपले बागायतदार द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी फवारतात तेच.)

आता भारत. इथेही बारबेरीचे भाऊबंद आहेत. आयुर्वेदातली दारुहळद ही त्याच कुळातली, हिमालयात भरपूर उगवणारी. नीलगिरीतही या कुळातलं झुडूप आहे. मग सरळ हिशेब: युरोपात बारबेरी तशी इथे दारुहळद. कोणालाही असंच वाटलं असतं. पण करमचंद मेहता यांनी हे गृहीत धरलं नाही.

मेहतांचा जन्म १८९२ चा, अमृतसरचा. आग्रा कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. केंब्रिजला जाऊन संशोधन करून आले आणि मग उरलेलं आयुष्य त्यांनी तांबेऱ्याला वाहिलं. आग्रा ही जागा या प्रश्नासाठी नेमकी होती असं मला वाटतं. मे महिन्यात पारा जिथे ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे बसलेल्या माणसाला तांबेऱ्याच्या उन्हाळ्याचं कोडं टाळताच येणार नाही.

त्यांनी एकेक वाट तपासून बंद केली. मैदानातल्या काडीवरचे काळे बीजाणू? ते उन्हाळ्याच्या तापात रुजायची ताकद हरवून बसतात. मळणीत सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेली रोपं? मैदानी उन्हाळ्यात त्यांच्यावरचे तांबडे बीजाणूही तग धरत नाहीत. दारुहळद? तिच्या पानांवर वाट्या दिसतात खऱ्या, पण मैदानातल्या गव्हाला दरवर्षी होणाऱ्या लागणीत तिचा हात नाही. म्हणजे युरोपातलं उत्तर, शंभर टक्के खरं असूनही, इथे लागू पडत नव्हतं.

मग उरले डोंगर. हिमालयाच्या उतारांवर आणि दक्षिणेत नीलगिरी व पळणीच्या डोंगरांत उन्हाळाही थंड असतो. मैदानात गहू नसतो त्या दिवसांतही तिथे गव्हाचं पीक उभं असे आणि बांधावर आपोआप उगवलेली रोपंही असत. तांबेऱ्याला तिथे बारा महिने घर होतं, आणि तेही बारबेरीशिवाय, नुसत्या तांबड्या बीजाणूंच्या जोरावर. मैदानातला तांबेरा दर उन्हाळ्यात मरतो आणि दर हिवाळ्यात डोंगरावरून नव्याने खाली उतरतो, हे मेहतांचं उत्तर.

त्याचा पुरावा हवेतून आला. चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या ठिकठिकाणी हवेत ठेवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू शोधायचे. काही ठिकाणी पिकावर पहिला फोड दिसण्याआधीच पट्टीवर बीजाणू सापडत. म्हणजे पाहुणा बाहेरून येत होता. १९३० मध्ये त्यांनी सिमल्याला फ्लॉवरडेल इथे तांबेऱ्याची प्रयोगशाळा उभी केली. ती आजही चालू आहे. १९४० मध्ये त्यांचा मोठा प्रबंध निघाला. दुसरा १९५२ मध्ये छापला गेला, तेव्हा ते हयात नव्हते. १९५० मध्येच ते गेले.

या नकाशात महाराष्ट्र कुठे बसतो, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. पिवळ्या तांबेऱ्याला थंडी हवी, म्हणून तो मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याचा आणि उत्तरेचा. तपकिरी तांबेरा दोन्हीकडून येतो. काळा तांबेरा मात्र ऊब मागतो आणि प्रामुख्याने दक्षिणेच्या डोंगरांतून निघून उत्तरेकडे सरकतो. पंजाबात पोचेपर्यंत बहुधा दाणा पक्का झालेला असतो. कर्नाटक, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश त्याच्या वाटेवर आधी लागतात, म्हणून खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याचा मार मध्य भारताने जास्त खाल्ला. १९४६-४७ ची मोठी साथ याच पट्ट्यातली.

पण शेकडो किलोमीटर अंतर हे बीजाणू कापतात कसे? मेहतांच्या पश्चात, १९७० च्या दशकात, एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांनी हवामानाच्या नोंदी व उपग्रहांची चित्रं घेऊन यावर काम केलं. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात साधारण नोव्हेंबरच्या सुमारास वादळ उठतं, तेव्हा त्याच्या वाऱ्यांवर बसून नीलगिरीकडचे बीजाणू मध्य भारताच्या आकाशात येतात. तिथे पाऊस पडला की धुऊन थेट कोवळ्या पिकावर उतरतात. हे तिन्ही योग जुळले तरच धोका. कार्तिकातल्या अवकाळी पावसाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. त्या थेंबांत कुठल्या डोंगरावरची धूळ मिसळलेली असेल, कोण जाणे!

मेहतांनी उपायही सुचवला होता: डोंगरांवरचा बिगरहंगामी गहू काही काळ थांबवावा, आपोआप उगवलेली रोपं काढून टाकावीत. शास्त्राच्या दृष्टीने बिनतोड. पण खालच्या लाखो शेतांसाठी वरच्या डोंगरी शेतकऱ्याने आपलं पीक सोडायचं, हे सांगणं सोपं नव्हे. प्रत्यक्षात खरा आधार मिळाला तो प्रतिकारक वाणांचा. वाटेवरच्या वेगवेगळ्या टापूंत वेगवेगळ्या प्रतिकारशक्तीचे वाण लावायचे, म्हणजे दक्षिणेत फोफावलेल्या बुरशीला पुढच्या मुक्कामी दार बंद मिळतं. ही युक्ती मेहतांच्या नकाशाशिवाय सुचणंच शक्य नव्हतं.

महाबळेश्वरला जाणारे बहुतेक जण स्ट्रॉबेरी घेऊन परततात. तिथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. थंड, दमट हवा तांबेऱ्याला मानवते, म्हणून तिथे तो मुद्दाम वाढवला जातो आणि नवे वाण त्याच्यापुढे उभे करून पारखले जातात.

पारखायचं म्हणजे काय, तर सगळा तांबेरा एकसारखा नसतो. दिसायला तोच, पण एक प्रकार एका वाणावर चालतो, दुसरा त्याच्यापुढे हतबल. हे ओळखण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटाच्या स्टॅकमन यांनी गव्हाच्या बारा वाणांचा संच ठरवला. बाराही वाणांच्या रोपांवर बुरशी टाकायची आणि प्रत्येकावरचे फोड ० ते ४ या मापाने नोंदवायचे. त्या नोंदीवरून बुरशीचा प्रकार कळतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी काळ्या तांबेऱ्यासाठी हा संच वापरला, आणि त्यातलं एक नाव मराठी वाचकाला थांबवणारं आहे: खपली.

होय, आपलाच खपली गहू. दाण्याला टरफल घट्ट धरून ठेवणारा, सातारा, सांगली, बेळगावकडचा जोड गहू. तांबेऱ्याचे बहुतेक प्रकार त्याच्यावर बारीक ठिपक्यापलीकडे जात नसत. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी त्याचा तिथल्या स्टाइनवेडेल वाणाशी संकर केला आणि नव्या गव्हाला नाव दिलं खॅपस्टीन. खपलीतून आलेली तांबेरारोधक जनुकं एसआर १३ आणि एसआर १४ या नावांनी ओळखली जातात (एसआर म्हणजे स्टेम रस्ट, खोडावरचा तांबेरा). १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार सापडला, पुढे तो यूजी ९९ म्हणून ओळखला गेला. वर्षानुवर्षं भरवशाची ठरलेली जनुकं त्याने निकामी केली. त्याच्यापुढे जी टिकली, त्यांत एसआर १३ होतं.

सांगली-कोल्हापूरकडे सणाची खीर आजही याच गव्हाची शिजते.